अर्धा रोट

चिंधा बैसाणे गुरुजी निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या मुलाने, राजदीपने, जळगावच्या आपल्या घरात आई-वडिलांसाठी एक खोली रिकामी करून ठेवली होती. खोलीला नवा रंग दिला होता, खिडकीला डासांची जाळी बसवली होती आणि लिलाबाईंच्या गुडघ्यांचा विचार करून खुर्चीसारखा बसायचा संडास करून घेतला होता. गुरुजींनी सगळं हिंडून पाहिलं, छान आहे म्हणाले, दोन दिवस राहिले आणि बायकोला घेऊन काळटेंभ्याला निघून आले.

काळटेंभे हे त्यांचं जन्मगाव. दोंडाईचा आणि नरडाणा यांच्या मधे, कापूस-मक्याच्या वावरांत बसलेलं. रेल्वेची शिट्टी गावात ऐकू येते, पण गाडी थांबायची ती पुढच्याच स्टेशनात. चाळीस घरं पाटलांची, एकाच कुळाची. बाकी इतर लोक, आणि गावाच्या पूर्वेला बौद्धवाडा. गुरुजींच्या आईची आधीची मुलं जगली नव्हती, म्हणून या मुलाचं नाव तिने चिंधा ठेवलं. चिंधीकडे कोण बघतो, यमसुद्धा बघणार नाही, असा तिचा हिशेब. हिशेब बरोबर ठरला. चिंधा जगला, शिकला, मास्तर झाला आणि साक्री-शिरपूरच्या खेड्यापाड्यांत सगळी नोकरी काढून म्हातारपणी परत आला.

परत का आलात असं कुणी विचारलं की ते म्हणत, गावातल्या पोरांसाठी. ते खोटं नव्हतं. गावाची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतची, वर्गखोल्या दोन आणि मास्तर एक. हितेंद्र सर भला माणूस, पण त्याचा निम्मा वेळ तालुक्याच्या बैठकांत आणि उरलेला मोबाइलवर माहिती भरण्यात जायचा. गुरुजींनी पहिली-दुसरीचा वर्ग आपणहून घेतला. पगार नाही, मानधन नाही. सकाळी धोतराऐवजी इस्त्रीची पँट घालून ते शाळेत जात, आणि नोकरीत असताना कधी गेले नाहीत इतके वेळेवर जात.

पण पोरांच्या मागे आणखी एक कारण होतं आणि ते फक्त लिलाबाईंना ठाऊक होतं. आयुष्यभर परक्या गावांनी त्यांना गुरुजी म्हटलं होतं. आता आपल्या गावाने आपलं म्हणावं, एवढं त्यांना हवं होतं. लिलाबाई चुलीपुढे बसून म्हणायच्या, "तुमी गावले आपलं म्हनतस. गाव तुमले काय म्हनस, एक डाव इचारा तरी."

त्यावर गुरुजींचं उत्तर ठरलेलं होतं. ते म्हणत, झुलाल आबा आहे ना.

झुलाल पाटील हे गुरुजींचे वर्गसोबती. दोघं याच शाळेत एका फळीवर नसले तरी एका छपराखाली बसले होते. झुलालला गणित यायचं नाही आणि चिंधाला झाडावर चढता यायचं नाही, त्यामुळे दोघांची गट्टी जमली. चिंधाचा बाप गेला तेव्हा सरपणाची गाडी झुलालनेच स्वतः मसणवटीपर्यंत हाकत आणली होती. राजदीपला धुळ्याच्या वसतिगृहात जागा मिळत नव्हती तेव्हा झुलाल आबाच बरोबर आले होते, तिथल्या कारकुनाशी भांडले होते. हे गुरुजी विसरले नव्हते. विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नव्हतं, कारण राजदीपसमोर ते सारखं सांगावं लागे.

दोघे एकाच वयाचे, तरी एक दुसऱ्याला चिंधा म्हणे आणि दुसरा पहिल्याला आबा. याचं गुरुजींना कधी काही वाटलं नाही. संध्याकाळी ते आबांच्या ओट्यावर जाऊन बसत. प्रमिलाबाई, म्हणजे आबांची बायको, आतून चहा पाठवत. ओट्याच्या कोनाड्यात एक स्टीलचा पेला उपडा ठेवलेला असे, त्यात वरून चहा ओतला जाई. पिऊन झाला की गुरुजी तो स्वतः अंगणातल्या पाण्याच्या नांदीवर विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवत. माझं रोजचं येणं, म्हणून माझा पेला वेगळा काढून ठेवलाय, असं त्यांनी एकदा घरी सांगितलं होतं. लिलाबाई तेव्हा नुसत्या हसल्या होत्या, आणि ते हसणं गुरुजींना त्या दिवशी जेवताना आडवं आलं होतं.

आणि श्रावणात कानबाई येत असे.

कानबाई ही खानदेशची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी नारळाला नथ-डोळे लावून, नवं लुगडं नेसवून तिला चौरंगावर बसवतात, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत पाण्यात पोचवतात. दर्शनाला सगळा गाव जातो. पण तिच्यासाठी केलेले रोट, म्हणजे गव्हाच्या पिठाच्या पुरणाच्या जाड पोळ्या, ते मात्र ज्याच्या त्याच्या कुळाचे. घरातल्या माणसांनीच खायचे, भाऊबंदांनी खायचे, ते संपेपर्यंत घरात दुसरं अन्न तोंडी लावायचं नाही. उरलंसुरलं, इतकंच काय, हात धुतलेलं पाणीसुद्धा अंगणात खड्डा करून त्यात ओतायचं. उंबऱ्याबाहेर कण जायचा नाही.

गुरुजी तरुणपणी एकदा त्या दिवसांत आबांकडे गेले होते. आत सगळे जेवत होते, त्यांना ओट्यावर थांबवलं होतं. आबा हात धुऊन बाहेर आले, आणि गुरुजींच्या चेहऱ्यावरून त्यांना काय वाटलं ते ओळखून म्हणाले होते, "राग मानू नको चिंधा. रोट भाऊबंदकीना बाहेर जात नही. मन्ही सख्खी बहीण दुसरा घरमा दिन्ही, तं तिले बी चालत नही." पुढे आबांची लेक रत्ना एरंडोलला दिली, तेव्हा तिलाही रोट बंद झाले. त्या वर्षी कानबाईला ती माहेरी आली होती आणि तिच्यासाठी शेजाऱ्यांकडून भाकरी आणली होती. गुरुजींनी हे डोळ्यांनी पाहिलं, आणि त्यांच्या मनातली शेवटची गाठ सुटली. राजदीप कॉलेजातून येऊन तावातावाने बोलायचा तेव्हा ते हाच दाखला देत. म्हणत, सगळ्याच गोष्टींत जात शोधू नको, ही कुळाची रीत आहे, पोटच्या लेकीलाही नाही देत ते.

शिवाय गुरुजी बौद्ध. त्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या. रोट समोर आला असता तरी ते खाणार नव्हते. राजदीप म्हणायचा, मग बाबा, तुम्हाला नकोच आहे ते, तर एवढी वकिली कशाला?  नको असणं वेगळं आणि आपल्याला का मिळत नाही ते कळणं वेगळं, असं काहीतरी त्यांना म्हणायचं असे.

गेल्या श्रावणाच्या तोंडावर क्लारा आली.

आबांचा नातू योगेंद्र जर्मनीत नोकरीला. त्याच्या कंपनीतल्या कुणाची ही बहीण. शिक्षण संपवून वर्षभर जग हिंडायला निघाली होती, आणि नुसतं हिंडण्यापेक्षा एखाद्या खेड्यातल्या शाळेत मुलांसाठी काही करावं अशी तिची इच्छा होती. योगेंद्रने फोनवर आजोबांना सांगितलं आणि आबांनी सरपंचाला सांगितलं. क्लारा दोंडाईच्याच्या स्टेशनवर उतरली तेव्हा तिला आणायला जीप गेली होती, जीपला फुलांची माळ होती. पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी, पायात चपला, नाक उन्हाने लाल झालेलं. आबांच्या माडीवर तिची सोय झाली.

शाळेत तिला पहिली-दुसरीचा वर्ग द्यायचं ठरलं. हितेंद्र सर गुरुजींना बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, तुम्ही दुभाष्याचं काम करा. फोटोत मागे मुलं आणि पुढे त्या, असं जरा येऊ द्या. वर पाठवायचेत."

गुरुजी मागच्या भिंतीशी बसू लागले. त्यांचं इंग्रजी पुस्तकी आणि तुटकं, पण काम भागे. क्लाराने पहिल्याच दिवशी बाकं ढकलून मुलांना गोल बसवलं. टाळ्यांवर गाणी शिकवली, भिंतीला रंगीत पंजे उमटवून घेतले. गुरुजींच्या मुळाक्षरांच्या तक्त्यांची रांग त्या पंज्यांखाली गेली. मुलं इतकी हसत होती की तिसरी-चौथीची मुलं खिडकीत येऊन लोंबकळत. गुरुजींना वाईट वाटलं हे खरं. आपल्या वर्गात कुणी एवढं हसलं नव्हतं हेही त्यांनी मनाशी कबूल केलं. मुलं पाढे विसरत चालली होती, पण ते बोलून दाखवलं तर म्हातारा जळतो असं लोक म्हणतील, म्हणून ते गप्प राहिले.

पोरगी वाईट नव्हती. चार दिवसांत तिने "मी क्लारा शे" म्हणायला शिकून घेतलं आणि गाव तिच्यावर लट्टू झालं. बायका तिच्या हाताला मेंदी लावायला भांडू लागल्या. मधल्या सुटीत ती गुरुजींच्या शेजारी पायरीवर बसून प्रश्न विचारी. तुम्ही किती वर्षं शिकवता, पगार किती, नाही म्हणजे काय, मग कशासाठी. पगार नाही हे ऐकून तिला फार आनंद झाला. म्हणाली, म्हणजे तुम्हीही माझ्यासारखेच. गुरुजींनी मान हलवली. तिच्यासारखे कसे, ते त्यांना इंग्रजीत जुळवता आलं नाही.

कानबाईच्या रविवारी आबांच्या घरी गर्दी झाली. गुरुजी दर वर्षीप्रमाणे लांबून बघून आले. क्लाराला प्रमिलाबाईंनी हिरवं नऊवारी नेसवलं होतं, आणि बायका एकमेकींना सांगत होत्या की औंदा कानबाई गोरी होऊन पायाने चालत आली. सोमवारी देवी नाल्यावर पोचवली, तेव्हा क्लारा डोक्यावर चौरंग घेऊन पुढे होती आणि योगेंद्र जर्मनीतून फोनवर बघत होता.

मंगळवारी शाळेत मधली सुटी झाली. क्लारा नेहमीच्या पायरीवर येऊन बसली, पिशवीतून एक कागदी रुमाल काढला आणि उलगडला. आत रोट होता. तिने तो मधोमध मोडला आणि अर्धा गुरुजींच्या हातात ठेवला.

गुरुजींना आधी कळलंच नाही. मग वास आला, तूप-गुळाचा. क्लारा उत्साहाने सांगत होती की काल आणि परवा तिने सगळ्यांबरोबर आत पाटावर बसून हेच खाल्लं. आजी म्हणाली, हे फक्त घरच्या माणसांसाठी असतं, तू घरचीच. मग तिने विचार केला, मी इथे येऊन दोन आठवडे झाले आणि मी घरची, तर गुरुजी जन्मापासून आहेत. म्हणून आपल्या वाट्यातला एक गुपचूप बांधून आणला.

गुरुजींना पहिल्यांदा कसलं दुःख झालं नाही. पुढे त्यांना याचंच नवल वाटायचं. पहिला विचार आला तो आबांच्या घराचा. रोट बाहेर आला. उंबरा ओलांडून, गावातून, शाळेत आला. पोरीला काय कळतं, पण कुणी पाहिलं तर भाऊबंद आबांना फाडून खातील. त्यांनी पटकन रुमाल झाकला. दुसरा अर्धाही तिच्याकडून मागून घेतला, म्हणाले, नंतर खातो. तिला वाटलं, घरी बायकोला देणार असतील. ती आणखीच खूष झाली.

शाळा सुटल्यावर गुरुजी थेट आबांच्या घराकडे निघाले. वाटेत कुणी भेटेल म्हणून रुमाल सदऱ्याच्या खिशात ठेवला होता आणि खिशावर हात होता. आबांची अब्रू आपण झाकून नेतोय, आबांना केवढा धीर वाटेल, असंच त्यांच्या मनात चाललं होतं.

ओट्यावर आबा सुपारी कातरत बसले होते. प्रमिलाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं, रुमाल काढला आणि हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, हाऊ रोट तुमना घरना शे. क्लाराबाईना संगे चुकीसन शाळामा उना. मी कोन्ले दखू दिधा नही."

त्यांनी हात पुढे केला. प्रमिलाबाई सूप टाकून उठल्या ते दोन पावलं मागे झाल्या.

"हातमा नका देऊ, गुरुजी. तठेच ठेवा. खाले."

गुरुजींनी रुमाल ओट्याच्या फरशीवर ठेवला. प्रमिलाबाईंनी आतून पळसाची दोन पानं आणली, एका पानाने ढकलून रोट दुसऱ्या पानावर घेतला, अंगणाच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात टाकला आणि पायाने वर माती लोटली. मग हात धुतले. मग ओट्याच्या ज्या फरशीवर रुमाल टेकला होता त्या फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं. हे सगळं त्यांनी तोंडाने काही वाईट न बोलता केलं. उलट जाताना म्हणाल्या, बरं झालं तुम्ही आणून दिलात, दुसरा कुणी असता तर खाऊन मोकळा झाला असता.

ओतलेलं पाणी फरशीवरून वाहत गुरुजींच्या चपलांपर्यंत आलं. ते पाय मागे घ्यायचं विसरले.

त्यांनी विचारलं, "आबा, ती पोर तुमनी भाऊबंद शे का?"

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. म्हणाले, "ती पाव्हणी शे. परदेशनी. तिले ना जात ना पात. तिले दिन्हं तं काय व्हस?"

"रत्नाले देत नहीत तुमी."

"रत्ना दुसरा घरनी व्हई गई. तिनी गोष्ट येगळी."

"मंग मन्ही?"

 गुरुजींना वाटलं, आता तरी आबा म्हणतील, चुकलं, प्रमिलाने पोरीच्या लाडापायी रीत मोडली. तसं म्हटलं असतं तर गुरुजींनी तेही मान्य केलं असतं, इतकी वर्षं मान्य केलं तसंच. ते वाट बघत उभे राहिले. आबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि समजूत घालावी तशा आवाजात म्हणाले, "तू शिकेल माणूस शे चिंधा. तुले सांगनं पडस का?"

एवढंच. रागाने नाही, टोचून नाही. ठाऊक असलेली गोष्ट कशाला बोलायला लावतोस, अशा थाटात. गुरुजींच्या ध्यानात आलं की या माणसाला ते नेहमीच ठाऊक होतं. इतकंच नाही, तर चिंधालाही ठाऊक आहे आणि दोघं मिळून ते झाकून ठेवतोय, असं तो धरून चालला होता. भाऊबंदकीची गोष्ट त्याने फसवायला सांगितलीच नव्हती. सभ्यपणाने सांगितली होती. खरं मानणारा एकटा चिंधाच निघाला.

घरी येऊन त्यांनी लिलाबाईंना सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं, ही आता बोलेल, मी म्हणतच होते म्हणेल. तिने नुसतं ऐकलं, चुलीतलं लाकूड पुढे सारलं आणि त्यांना जेवायला वाढलं. भाजीत मीठ जास्त झालं होतं. दोघांनीही ते म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी झुलाल आबा बौद्धवाड्यात आले. गुरुजींच्या दारात आबा येण्याची ही पहिलीच वेळ. अंगणात पोरं जमली, शेजारच्या बायका दारात आल्या. गुरुजींनी खाट टाकली, वर नवी सतरंजी घातली. आपलं मन चट्कन किती पाघळतं याची त्यांना लाज वाटली, पण पाघळलं हे खरं. आले, एवढ्या उन्हात आले, म्हणजे काल रात्रभर त्यांनाही लागलं असेल.

लिलाबाईंनी पाण्याचा तांब्या-पेला आणून ठेवला. आबांनी पेला हातात घेतला, थोडा वेळ तसाच धरला आणि बोलता बोलता खाटेखाली ठेवून दिला.

पोरांना हाकलून झाल्यावर ते म्हणाले, "ती कालनी गोष्ट... कोन्ले सांगू नको. रोट बाहेर गया, तो बी इकडे, हाई भाऊबंदले कळनं तं मन्ही पंचाईत व्हई. योगेंद्रना लगीनना टाईमले हाई गोष्ट काढतीन त्या."

इकडे म्हणताना त्यांनी हाताने घर दाखवलं, वाडा दाखवला. गुरुजींनी तो हात पाहिला. मग बरं म्हणाले.

"तुन्हावर भरोसा शे," आबा म्हणाले आणि उठले. जाताना पाठीवर हात ठेवून गेले.

लिलाबाईंनी खाटेखालचा पेला उचलला. पाणी काठोकाठ तसंच होतं. त्यांनी ते झाडाला नाही, कोंबडीला नाही, सरळ गटारात ओतलं आणि म्हणाल्या, "बरं म्हनतांना जीभ कशी वळनी तुमनी?"

 माणूस भरवसा ठेवून गेला, एवढंच गुरुजी म्हणाले. लिलाबाई म्हणाल्या की भरवसा बैलावरही ठेवतात.

शनिवारी क्लाराचा निरोप समारंभ होता. शाळेच्या पटांगणात मंडप घातला होता, हितेंद्र सरांनी फलक लिहवून घेतला होता. समोरच्या खुर्च्यांवर पाटलांची सगळी भाऊबंदकी पांढऱ्या टोप्या घालून बसली होती, मधोमध आबा. क्लाराला शाल, श्रीफळ, पैठणीच्या नक्षीचं लुगडं दिलं. योगेंद्रचा फोन एका काठीला बांधून व्यासपीठाकडे वळवून ठेवला होता. गुरुजींनाही वर बोलावलं. हितेंद्र सर म्हणाले, आपले ज्येष्ठ मार्गदर्शक आता बाईंचं भाषण आपल्याला समजावून सांगतील.

क्लारा एकेक वाक्य बोले आणि थांबे. गुरुजी ते अहिराणीत सांगत. मुलं किती गोड आहेत. टाळ्या. गावाने किती प्रेम दिलं. टाळ्या. मग तिने आबांच्या घराचा विषय काढला. म्हणाली, या घरात मला ती पोळी मिळाली जी फक्त कुटुंबातल्या माणसांना मिळते. गुरुजींनी ते सांगितलं, शब्द न् शब्द सांगितलं. भाऊबंद खूष होऊन एकमेकांकडे बघू लागले. कुणीतरी कानबाई माताच्या नावाचा जयजयकार केला.

क्लारा हसली, गुरुजींकडे वळली, त्यांच्या दंडाला हात लावला आणि पुढचं वाक्य बोलली. मी त्यातली अर्धी माझ्या या शिक्षक मित्राला दिली, आणि त्यांनी ती घेतली, म्हणून आता ते आणि मी आणि तुम्ही सगळे एकाच कुटुंबातले झालो.

मग ती थांबली.

पटांगण वाट पाहत होतं. गुरुजींनी खाली पाहिलं. आबांची टोपी नीट होती, चेहरा नीट होता, दोन्ही हात मात्र गुडघ्यांवर घट्ट दाबलेले होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण पोरीने दंडाला हात लावलेला त्यांनी पाहिला होता. बायकांच्या मागच्या रांगेत लिलाबाई उभ्या होत्या. त्यांनाही इंग्रजी येत नव्हतं. त्यांनाही कळलं होतं.

वाक्य तोंडात आलेलं होतं. सोपं वाक्य. त्यात एकही शब्द खोटा नव्हता आणि ते गुरुजींचं नव्हतंच, पाहुणीचं होतं. नुसतं पुढे सरकवायचं होतं.

ते म्हणाले, "बाई म्हनस, काळटेंभेनं जेवन बठ्ठास्ना ध्यानमा ऱ्हाई."

सगळ्यांच्या लक्षात राहील, एवढंच. टाळ्या पडल्या. सगळ्यांत आधी आबांनी वाजवल्या. क्लाराला वाटलं, आपल्या बोलण्याला टाळ्या पडताहेत, ती भरल्या डोळ्यांनी गुरुजींच्या पाया पडली. त्याचा फोटो पुढे सगळीकडे फिरला.

लिलाबाई मंडपात थांबल्या नव्हत्या. गुरुजी घरी गेले तेव्हा त्या लोखंडी पेटीतलं सामान बाहेर काढत होत्या. थंडीचे कपडे एकीकडे, भांडी एकीकडे.  गुरुजी खाली बसले आणि भिंतीवरची तथागतांची तसबीर उतरवून तिच्यावरची धूळ पुसायला लागले. सोमवारी राजदीप गाडी घेऊन आला. त्याने खूप विचारलं, काय झालं, कुणी काही बोललं का, एकदम कसं ठरलं. गुरुजी म्हणाले, तुझ्या आईचे गुडघे. राजदीपने आईकडे पाहिलं. आई गाडीत बसून खिडकीबाहेर बघत होती.

पहिली-दुसरीचा वर्ग तिसरी-चौथीत बसवला गेला. एका खोलीत सगळी शाळा झाली.

दिवाळीच्या आधी आबांचा फोन आला. तब्येत विचारली, लिलाबाईंचे गुडघे विचारले. मग म्हणाले की पोरं मागं पडताहेत, हितेंद्र सरांच्यानं होत नाही, चार महिने तरी येऊन राहा. गुरुजी नाही म्हणाले.  मग आबा, आपण तुझ्या बाजूने आहोत अशा आवाजात म्हणाले, "गाव काय म्हनस तुले मालूम शे ना? गोरीना मान व्हयना म्हनीसन गुरुजी रुसी गया. शाल तिले दिन्ही, त्याले नही दिन्ही. मी सांगं बठ्ठास्ले, चिंधा तसा नही. पन लोक आयकतस का?"

जळगावच्या त्या रंग दिलेल्या खोलीत राजदीप शेजारीच बसला होता, कान देऊन. एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं, फोनवरच्यालाही आणि शेजारच्यालाही. फोनवरच्याला तर ते ठाऊकच होतं. ठाऊक असून तो सांगत होता.

गुरुजी म्हणाले, "म्हनू द्या, आबा."

आणि फोन ठेवला. राजदीपने विचारलं, काय म्हणतं गाव. गुरुजी म्हणाले, काही नाही, कापूस वेचायला आलाय.